तीन नंबरच्या गाडीचं डिझेल

आमचा कॉलम भिवंडीला पोहोचला तेव्हा सकाळचे ०५२० झाले होते. चार ट्रक, दोन होड्या, एक रेडिओ सेट, एक्केचाळीस माणसं. हुकूम साधा होता. सिव्हिल प्रशासनाच्या मदतीला जायचं, पुरात अडकलेल्यांना बाहेर काढायचं, परत यायचं. मी कॉलमसोबत आलेला व्हेईकल मेकॅनिक, हवालदार. फौजेत मेकॅनिकची आठवण दोन वेळा होते, गाडी बंद पडली की आणि इन्स्पेक्शन जवळ आलं की.

भिवंडी माझं गाव. लहानपणापासून लूमच्या खडखडाटात झोपलेलो मी. त्या सकाळी शहरात आवाजच नव्हता. कामवारी नदीचं पाणी सखल भागातल्या शेडांमध्ये शिरलं होतं आणि हजारो माग एकदम गप्प होते.

आमचा मुक्काम हायवेलगतच्या एका गोदामात होता. अर्ध्या भागात कुणाचे तरी फ्रिज खोक्यांत उभे होते, अर्ध्यात आम्ही. फ्रिज आमच्यापेक्षा शिस्तीत उभे होते.

दिवस ०५०० वाजता फर्स्ट पॅरेडने सुरू व्हायचा. सिव्हिलमधल्या वाचकांसाठी सांगतो. गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हर तेल, पाणी, हवा, पट्टा, बॅटरी बघतो. मेकॅनिक मागून फिरतो. लॉगबुकात सही होते. इंजिनाच्या डिपस्टिकवर दोन खुणा असतात आणि तेल वरच्या खुणेला टेकलेलं हवं. खाली असेल तर ड्रायव्हरला ओरडा. वर असेल तरी ओरडा. म्हणून फौजेत तेल नेहमी खुणेवर असतं.

तीन नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर नाईक काशिनाथ पागी. वज्रेश्वरीच्या पुढे डोंगराला लागून त्याचा आदिवासी पाडा. माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीत माझ्याच तालुक्यातला भेटलेला हा एकच माणूस. युनिटमध्ये आम्हाला ‘गाववाले’ म्हणत. पागी कमी बोलायचा. पहिल्या दिवशी गाडी छातीभर पाण्यातून काढून आणली, उतरला आणि मला म्हणाला, “उस्ताद, शहरात राहून काय कमावलं तुम्ही? आमच्या पाड्यावर पाणी घरात येत न्हाय. आम्हालाच त्याच्याकडं जावं लागतं, हंडा घेऊन.”

तिसऱ्या दिवशी निरोप आला की मदतकार्य पाहायला एक मान्यवर येणार आहेत. सुभेदार साहेबांनी ताबडतोब हुकूम सोडला, “टायर काले चाहिए.” हा आमच्याकडचा जुना रिवाज. जळकं इंजिन ऑइल ब्रशने टायरला फासायचं. टायर नव्यासारखे चमकतात, निदान पहिल्या डबक्यापर्यंत. त्या वेळी शहरात डबक्यांशिवाय काही नव्हतं. तरी चारही गाड्यांचे सोळा पुढचे-मागचे टायर, स्टेपन्या वेगळ्या, काळे केले गेले. मान्यवर आले, नऊ मिनिटं थांबले, एका टायरजवळ उभे राहून फोटो काढला आणि गेले. दुपारी पुन्हा फासायला सांगितलं, कारण ते परत येण्याची शक्यता होती. आले नाहीत.

आठव्या दिवशी डिझेलचा हिशेब जुळेना. चारही गाड्या सारख्याच रस्त्यांवर चालत होत्या. रोज गाव, दिघाशीकडची वस्ती, पुन्हा गाव. तीन नंबरने मात्र जवळपास एक जेरिकॅन डिझेल जास्त प्यायलं होतं. नेमका त्याच्या आदल्या दिवशी पागीचा मेहुणा त्याला भेटून गेला होता. भाकरी आणि सुकट घेऊन मोटरसायकलवर आला होता. गाडीच्या मागे पाण्यासाठी आणलेला रिकामा कॅन बांधलेला. सुभेदार साहेबांनी दोन आणि दोन जोडून बावीस केले. मेहुणा दुसऱ्या खेपेस आला, तेव्हा मदतीच्या धान्याच्या रांगेतल्या शंभर माणसांसमोर त्यांनी विचारलं, “फिर डीजल लेने आये हो?”

रांगेतले काही हसले. त्यांत वज्रेश्वरीकडचे दोघे-चौघे होते. बातमी पाड्यावर एसटीच्या आधी पोहोचली.

मला हुकूम मिळाला, इंजिन चेक करून लेखी द्या. मी गाडीखाली गेलो. जमीन कोरडी. टाकी कोरडी. पाइप, जोड, फिल्टर, सगळं कोरडं आणि स्वच्छ. मी लिहून दिलं की इंधन गळती नाही. खाली सही केली. सुभेदार साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, “गाववाला है, फिर भी सच लिखा. शाबाश.” मला ती शाबासकी तेव्हा आवडली होती, हेही लिहून ठेवतो.

चौकशी होईपर्यंत पागीला गाडीवरून काढलं आणि दोरखंडाच्या पार्टीत घातलं. त्याने चावी शिपाई मोरेच्या हातात दिली. दुसरा गिअर सुटतो, हाताने धरून ठेव, एवढंच माझ्या कानावर आलं. मग माझ्याकडे वळला.

“उस्ताद, तुम्ही लिवलं?”

“जे दिसलं ते लिहिलं.”

“बरं,” म्हणाला आणि दोर उचलायला गेला.

दुसऱ्या दिवशी एका पॉवरलूम शेडच्या मागच्या गल्लीत कामगार माळ्यावर अडकले होते. पाणी गळ्यापर्यंत, ओढ जोरात, होडी वळायला जागा नाही. पागीने कमरेला दोर बांधून फेऱ्या सुरू केल्या. अकरा माणसं पाठीवर घेऊन आणली. मी गल्लीच्या तोंडाशी गाडीजवळ उभा होतो, सेट चालू होता. १५४० वाजता आधी आवाज आला, मग रेडिओवर आत गेलेली पार्टी, कॅम्पला.

“टँगो, टँगो, मी एक. शेडची भिंत पडली. एक कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“एक, टँगो. सिव्हिल या अपना? ओव्हर.”

मी सेटचा आवाज वाढवला.

“अपना. ओव्हर.”

सेटवर नाव घेत नाहीत. त्यांनी फौजी नंबरचे शेवटचे तीन आकडे सांगितले. बारावा माणूस जिवंत निघाला. पागी निघाला तेव्हा १७१० झाले होते.

अंत्यविधी पाड्यावर झाला. रस्त्यावर एका रात्रीत खडी पडली होती. इतकी वर्षं ती तिथे का पडली नव्हती, हे कुणी विचारलं नाही. फलकावर पागीचा फोटो होता आणि त्याच्या दुप्पट आकाराचे, तिथे हजर असलेल्यांचे. सलामी झाली, भाषणं झाली. एका वक्त्याने त्याला पायदळाचा वीर म्हटलं, दुसऱ्याने सीमेवर पाठवलं. गर्दी ओसरल्यावर त्याची आई माझ्याजवळ आली. ती रडत नव्हती. मी कोण ते तिला मेहुण्याने सांगितलं असावं.

“तू काश्याच्या गाडीवाला मिस्त्री ना?”

“हो, आई.”

“खरं सांग. त्यानं डिझल इकलं का?”

मी म्हणालो, नाही. तिने विचारलं, कशावरून? माझ्याकडे तर उलट माझ्या सहीचा कागद होता. ती म्हणाली, “मंग तुला बी ठावं न्हाय.”

कॅम्पवर परतल्यावर मी चौकशीचं काय झालं ते विचारलं. सुभेदार साहेब म्हणाले, मेलेल्या माणसावर चार्ज लागत नाही, फाइल आपोआप बंद. मी म्हणालो, बंद होणं वेगळं आणि सुटणं वेगळं. ते म्हणाले, “हवालदार, दुखी हो. सो जाओ.”

पुढच्या फर्स्ट पॅरेडला मोरे तीन नंबरच्या बॉनेटखालून म्हणाला, “उस्ताद, डबा भरलाय. कुठे ओतू?”

कसला डबा, मी विचारलं. त्याने ऑइलचा डबा दाखवला. रोज सकाळी तेल खुणेच्या वर येतं, तेवढं काढून डब्यात ठेवायचं, असं त्याला चावी देताना पागीने सांगितलं होतं. टायर काळे करायला सगळे हेच तेल नेत होते. “तीन नंबरचं तेल ब्रशला पातळ बसतं,” मोरे म्हणाला. “पागी नाईक म्हणाले, मी उस्तादांना दोनदा बोललो तेल वाढतंय. उस्ताद म्हणाले, जास्त ओतलं असशील, मार्कवर आण.”

हे खरं होतं. चहा पिताना म्हणालो होतो, दोन्ही वेळा. एकदाही उठलो नव्हतो.

इंजिन तेल खातं. खाऊन कमी करतं. कोणतंही इंजिन तेल वाढवत नाही. मी डिपस्टिक काढून नाकाशी धरली. डिझेलचा वास येत होता, मला आणि कदाचित गोदामातल्या फ्रिजनाही. जे डिझेल पागीने विकल्याचा बोभाटा झाला होता, ते आमच्या चारही गाड्यांच्या टायरांवर चमकून मान्यवरांच्या फोटोत गेलं होतं.

पण वास हा पुरावा नाही. शिवाय कॉलम परत जायची वेळ ठरली होती, तिसऱ्या दिवशी ०६००. परत गेल्यावर गाडी बेस वर्कशॉपला जाणार, तेल फेकलं जाणार, इंजिन खोललं जाणार, आणि फाइलमध्ये माझी ‘गळती नाही’ ही ओळ तेवढी उरणार. हातात दोन दिवस होते.

सुभेदार साहेब म्हणाले, पूर आहे, तेलात पाणी गेलं असेल. पाणी गेलं तर तेल दुधाच्या चहासारखं होतं. हे काळंच होतं. मी तव्यावर थेंब टाकला. पाणी असतं तर तडतडलं असतं. तडतडलं नाही. मग वर्तमानपत्रावर दोन थेंब टाकले, एक नव्या तेलाचा, एक तीन नंबरचा. कागद मान्यवरांच्या फोटोचाच होता, जाड आणि शोषणारा. नव्या तेलाचा डाग जागच्या जागी राहिला. दुसऱ्याभोवती डिझेलचं फिकट कडं पसरत गेलं. साहेब म्हणाले, “डाग तो डाग है.”

तेल खुणेवर आणून मी गाडी एक तास जागेवर चालू ठेवली, बंद केली, तेल खाली उतरायला पाव तास दिला. डिपस्टिकवर पातळी जेमतेम दोन मिलिमीटर चढली होती. “तिरछी पकडी होगी,” साहेब म्हणाले. पुन्हा एक तास. पुन्हा दोन. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, डिपस्टिककडे पाहिलं नाही.

आता डिझेल तेलात कुठून शिरतंय, ते सापडायला हवं होतं. पहिला संशय इंजेक्टरवर. एखादा नोझल टपकत असेल तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. मी सहाही इंजेक्टर काढले आणि गावात इस्माईलभाईंकडे नेले. ते डिझेल पंपांचे मिस्त्री, वय साठीच्या पुढे. दुकानातून कंबरभर पाणी नुकतंच उतरलं होतं आणि ते टेस्टरवरचा चिखल पुसत होते. हात धुऊन त्यांनी एकेक इंजेक्टर लावला, दांडा मारला. सहाच्या सहा सारखं धुकं उडवत होते. एकही टपकेना. दिवस गेला. इंजेक्टर चांगले निघाल्यावर इतका वैताग मला आयुष्यात झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या पंपाकडे वळलो. त्यात अडीच तास गेले. तोही ठीक वाटला, पण बेंचवर चढवल्याशिवाय खात्री देता येईना. राहिला इंजिनाच्या कुशीला बसवलेला छोटा फीड पंप, टाकीतून डिझेल ओढणारा. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. तो पंप मी गळतीच्या तपासणीतच बाहेरून पाहिला होता. कोरडा, हिरवा, चकचकीत.

दुपारी इस्माईलभाई स्कूटरवरून स्वतः आले. गेटवर संत्रीने त्यांना वीस मिनिटं उभं केलं, मग मी आत आणलं. त्यांनी इंजिनाकडे बराच वेळ पाहिलं.

“माशाअल्ला, क्या पेंट मारा है. हवालदार साब, हमारे ट्रक में ये परदा फटता है तो डीजल नीचे टपकता है. ड्रायवर को रोड पे दिखता है. तुम्हारा क्यूँ नहीं टपका?”

“फाटला नसेल.”

“इसका छेद किधर है?”

पडदा फाटला तर डिझेल बाहेर पडावं, इंजिनात जाऊ नये, म्हणून पंपाच्या पोटाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. मी बोट फिरवलं. भोक नव्हतं. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. हिरव्या रंगाचे तीन थर निघाले, एकावर एक, तीन वर्षांच्या तीन वार्षिक इन्स्पेक्शनचे. जे हलतं त्याला सलाम आणि जे हलत नाही त्याला रंग, या नियमाने आम्ही ते भोक बुजवलं होतं. बाहेरची वाट बंद झाल्यावर डिझेल पंपाच्या दांड्याच्या कडेने आत, तेलात जात होतं.

चौथ्यांदा खरवडल्यावर थेंब आला. मग दुसरा. मी मोरेला गाडी चालू करायला सांगितली. थेंबांची धार झाली आणि माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आली.

इस्माईलभाई हसत होते. मी हसत नाही हे पाहून थांबले.

मी पंप काढला, पडदा उघडला. कडेला करंगळीच्या नखाएवढी चीर. तिन्ही इन्स्पेक्शन शीटवर ‘इंजिन पेंटेड, चेक्ड’ असं होतं. रंगारी वेगवेगळे होते. सही तिन्ही वेळा माझी.

१६३० वाजता पंप, पडदा, दोन डागांचा कागद आणि ऑइलचा डबा घेऊन मी कॉलमचे कमांडर मेजर साहेब यांच्यापुढे उभा राहिलो. सुभेदार साहेब शेजारी होते. मेजर साहेब वाईट माणूस नव्हते. दोन आठवडे धड झोपले नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, पडद्याची चीर उजेडात धरून पाहिली.

“पागीला सगळा जिल्हा वीर म्हणतोय. फाइल बंद झालीय. आता तुला काय हवंय?”

“लॉगबुकात एक ओळ, साहेब.”

“कशाला?”

“साहेब, वीरांची वही वेगळी आणि चोरांची वेगळी. पहिलीत त्याचं नाव चढलं, दुसरीतून अजून उतरलेलं नाही.”

“लिहिलं तर कारणही लिहावं लागेल. त्यात तुझी सही येईल.”

“आलेलीच आहे, साहेब. तीनदा.”

सुभेदार साहेब काहीतरी बोलणार होते. मेजर साहेबांनी हात वर केला, लॉगबुक मागवलं आणि लाल शाईने लिहिलं : इंधनाची तूट यांत्रिक दोषामुळे, चालक निर्दोष. तेच एका वेगळ्या कागदावर लिहून शिक्का मारून माझ्याकडे दिलं. बाहेर आल्यावर सुभेदार साहेब थोडं अंतर माझ्यासोबत चालले. म्हणाले, “रस्सी पार्टी में मैंने डाला था.” मी म्हणालो, कागद मी दिला होता. त्यानंतर आम्ही दोघांनी हा विषय कधी काढला नाही.

मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्य होती, फक्त गरजेपेक्षा एक पान लांब होती.

कॉलम परतल्यावर चार दिवसांची रजा घेतली आणि एसटीने वज्रेश्वरीला उतरून पाड्यावर गेलो. पागीच्या आईने कागद हातात घेतला नाही. मेहुण्याला पाठवून माणसं बोलावली, रांगेत हसलेली तर नावानिशी. सगळे जमेपर्यंत मला बसवून ठेवलं. मग म्हणाली, वाच. मी वाचलं. पुन्हा वाचायला लावलं.

“निर्दोष म्हंजे?”

“म्हणजे त्यानं डिझेल विकलं नाही.”

“मंग तसंच लिवायचं ना.”

मी पंपाचं, भोकाचं, रंगाचं सगळं सांगितलं. तेल वाढतंय हे त्याने मला दोनदा सांगितलं होतं, हेही सांगितलं. ती उठली आणि मला चहा ठेवला. त्याचा अर्थ काय, ते मला आजही नक्की माहीत नाही.

पुढच्या वर्षी पाड्याच्या वाटेवर स्मारकाचा दगड बसवायचं ठरलं. त्यासाठी समिती झाली. समितीने मजकूर तयार केला, त्यात ‘अमर’ दोनदा आणि ‘सुपुत्र’ तीनदा होतं. आईने एकच ओळ मागितली. समितीचे लोक हादरले. असलं काही दगडावर लिहीत नाहीत, म्हणाले. ज्या आरोपाची कुणाला आठवणही राहणार नाही, तो कायमचा कोरून कशाला ठेवायचा? त्यांनी समजूत घालायला मला बोलावलं. मी निवृत्त होऊन भिवंडीत आलो होतो आणि फौजेतला माणूस समजावण्याच्या कामाचा असतो, असा लोकांचा समज असतो.

मी तिला समितीचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, “ज्यांनी ऐकलं, ते समदे जित्ते हायेत.”

मी समितीकडे जाऊन सांगितलं, ती बरोबर बोलते आहे. पाच बैठका झाल्या. शेवटी तिची ओळ सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, मातीला लागून टाकायचं ठरलं, म्हणजे पाहुण्यांच्या फोटोत येणार नाही.

दरवर्षीच्या कार्यक्रमाच्या तारखेला मी जात नाही. त्या दिवशी तिथे माइक असतो. मी आगेमागे एखाद्या दिवशी जातो. तोवर खालच्या भागावर गवत चढलेलं असतं. ते हाताने उपटतो, ओल्या फडक्याने दगड पुसतो. वरचं वाचत नाही. खालचं एकदा मोठ्याने वाचतो आणि सॅल्यूट करून निघतो.

नाईक काशिनाथ पागी, ड्रायव्हर. यानं डिझेल विकलं नाही.